उकडा तांदूळ, कोंबड्या आणि बेरीबेरी

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी एकच विषय सुचवला होता. हल्ली पाकिटांवर ‘फंक्शनल फूड’ असं छापलेलं असतं, म्हणजे पोट तर भरेलच, शिवाय तब्येतीला काही वेगळा फायदा करून देईल असं अन्न. तर आपल्या आज्या-पणज्यांच्या जेवणात हे सगळं आधीपासून होतंच ना, यावर बोला, असा आग्रह होता. आम्ही हो म्हटलं, पण एक अट घालून. नाचणी, कोकम, ताक, हळद, मेथी अशी यादी वाचून दाखवायची नाही. यादीला टाळ्या मिळतात, पण त्यातून इतिहास कळत नाही. त्यापेक्षा एकच पदार्थ घेऊ आणि त्याचा माग शेवटपर्यंत काढू.

तो पदार्थ म्हणजे उकडा तांदूळ. सिंधुदुर्गात आणि गोव्यात सकाळी दहा-अकराच्या सुमाराला पेज प्यायची पद्धत आहे. जाडा, तांबूस, उकड्या तांदळाची गरम पेज, बाजूला खारातली कैरी नाहीतर भाजलेली सुकट. घाटावरच्या पाहुण्याला ती बेचव वाटते. शेतातून आलेल्या माणसाला विचारा, तो वेगळं सांगेल.

आधी शब्दांचा घोळ मिटवून टाकू. मराठीत शेतात उभं असतं तेही भात आणि ताटात वाढतो तोही भात. आज आम्ही ‘भात’ म्हणू तेव्हा तुसासकटचं धान्य समजा. हे भात पाण्यात भिजवायचं, मग तांब्याच्या मोठ्या भाणात घालून तूस फुटेपर्यंत उकळायचं, पाणी काढून खळ्यात उन्हात पसरायचं, खडखडीत वाळलं की मगच सडायचं किंवा घिरटावर भरडायचं. असा निघतो तो उकडा. न उकडता थेट सडलेला तो कच्चा, ज्याला दक्षिण कोकणात आणि गोव्यात सुरय म्हणतात. एकाच शेतातलं, एकाच जातीचं भात दोन्ही वाटांनी जाऊ शकतं. फरक फक्त त्या एका उकळीचा. पुढची सगळी गोष्ट त्या उकळीभोवती फिरते.

‘फंक्शनल फूड’ ही कल्पना जपानमधून आली. १९८४ मध्ये तिथल्या शिक्षण मंत्रालयाने अन्नाच्या अशा गुणांवर मोठा संशोधन प्रकल्प सुरू केला आणि १९९१ मध्ये जपान सरकारने अशा पदार्थांना अधिकृत मान्यता देण्याची व्यवस्था केली. आम्हाला यात गंमत वाटते ती अशी, की त्याच्या शंभर वर्षं आधी हाच देश पांढऱ्याशुभ्र तांदळापायी आपले सैनिक गमावत होता.

त्या रोगाचं नाव बेरीबेरी. पायांना मुंग्या येतात, मग पाय बधिर होतात, चालताना पाऊल लोंबतं. काहींच्या अंगावर सूज चढते, धाप लागते आणि हृदय थकून माणूस जातो. चांगला धडधाकट जवान काही आठवड्यांत आडवा होतो. जपानी आरमारात हे इतकं वाढलं होतं की जहाजं चालवायला माणसं पुरेनात. १८८२ च्या अखेरीला ‘रियूजो’ नावाचं जहाज न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका, हवाई अशा लांबच्या सफरीवर निघालं. पावणेचारशेच्या आसपास खलाशी होते, त्यातल्या १६९ जणांना बेरीबेरी झाला आणि २५ जण दगावले. ताकाकी कानेहिरो हे आरमाराचे डॉक्टर लंडनमध्ये शिकून आले होते. तिकडच्या आरमारात हा रोग दिसत नाही आणि फरक दिसतो तो जेवणात, एवढं त्यांनी हेरलं. १८८४ मध्ये ‘त्सुकुबा’ हे दुसरं जहाज त्यांनी जवळजवळ त्याच मार्गाने पाठवायला लावलं, पण शिधा बदलून: मांस, दूध, भाज्या जास्त आणि तांदूळ कमी. या वेळी मोजकेच लोक आजारी पडले आणि मेलं कोणीच नाही. पुढे आरमाराने तांदळात जव मिसळायला सुरुवात केली.

ताकाकींचं कारण मात्र चुकीचं होतं. त्यांना वाटलं, प्रथिनं कमी पडतात म्हणून हे होतं. आणि जपानी भूदलाने त्यांचं ऐकलंच नाही. भूदलाचे डॉक्टर जर्मनीत शिकलेले, रोग म्हटला की त्यांना जंतू हवा. मोरी ओगाई हे जपानी साहित्यातलं मोठं नाव. ते भूदलात डॉक्टर होते आणि या वादात ताकाकींच्या विरुद्ध बाजूला होते. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात भूदलाचे सुमारे २७,००० सैनिक बेरीबेरीने मेले. सैनिकांना पोटभर पांढरा तांदूळ द्यायचा ही सरकारची मेहेरबानी होती, हे विसरू नका. खेड्यातल्या गरीब मुलाला पांढरा भात म्हणजे सणाचं जेवण. तो सैन्यात आला आणि रोज सण साजरा करू लागला.

आता जपानहून जावा बेटावर जाऊ. तिथे डचांचं राज्य होतं आणि बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, लष्करी रुग्णालयात ख्रिस्तियान आयकमन हे डॉक्टर बेरीबेरीचा जंतू शोधत होते. प्रयोगासाठी कोंबड्या पाळल्या होत्या. १८८९ मध्ये त्या कोंबड्याच लंगडायला लागल्या. ज्यांना काही टोचलं होतं त्याही आणि ज्यांना काहीच टोचलं नव्हतं त्याही. आणि मग काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या. आयकमन चक्रावले. चौकशी केली तेव्हा कळलं की मधल्या काळात कोंबड्यांना रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. मग आचारी बदलला. नव्या आचाऱ्याने सांगितलं, लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांना मिळणार नाही! कोंबड्या परत साध्या, कोंड्यासकटच्या तांदळावर आल्या आणि चालायला लागल्या. त्या आचाऱ्याचं नाव आम्हाला कुठे वाचायला मिळालेलं नाही. वैद्यकाच्या इतिहासात कंजूषपणाने एवढं भलं क्वचितच केलं असेल.

कोंबड्यांचं माणसांना लागू पडतं का, हा पुढचा प्रश्न. आयकमन यांच्या ओळखीचे फोर्डरमान हे जावातले वैद्यकीय निरीक्षक. तुरुंगात कैदी काय खातो हे ठरलेलं असतं आणि त्याची नोंदही असते, म्हणून त्यांनी १०१ तुरुंगांची पाहणी केली. एकूण कैदी २,८०,००० च्या घरात. कोंडा राखलेला तांदूळ देणारे ३७ तुरुंग होते, त्यातल्या फक्त एका ठिकाणी बेरीबेरी सापडला. पांढरा तांदूळ देणारे ५१ तुरुंग होते, त्यातल्या ३६ ठिकाणी सापडला. मिश्र तांदळाचे १३ होते, त्यातल्या ६ ठिकाणी. हवा, गर्दी, इमारतीचं वय सगळं तपासून पाहिलं, त्याने काही ठरेना. ठरत होतं ते तांदळानेच.

तरीही आयकमन यांना वाटत राहिलं की पांढऱ्या तांदळाच्या पिठुळ भागात काहीतरी विष आहे आणि कोंडा त्यावर उतारा आहे. त्यांच्यानंतर काम हाती घेणारे खेरित ग्रेन्स यांनी १९०१ मध्ये उलट बाजूने मांडलं: तांदळात वाईट काही नाही, चांगलं काहीतरी काढून टाकलेलं आहे. आज आपल्याला हे सरळ वाटतं. तेव्हा रोग म्हणजे शरीरात काहीतरी घुसणं, एवढीच कल्पना होती. काहीतरी नसल्यामुळे माणूस आजारी पडू शकतो, ही कल्पना पचायला वैद्यकाला वीस वर्षं लागली. १९१२ मध्ये कासिमिर फुंक यांनी ‘व्हिटामिन’ या शब्दाला जन्म दिला. १९२६ मध्ये जावातच यान्सन आणि डोनाथ यांनी तो पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा केला. तोच थायामिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१. १९२९ मध्ये आयकमन यांना नोबेल मिळालं.

पण आपला उकडा तांदूळ कुठे राहिला? तो येतो मलायात, आजच्या मलेशियात. इंग्रज तिथे खाणी आणि रबराचे मळे चालवत होते, मजूर तीन ठिकाणचे. ब्रॅडन नावाच्या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट पाहिली आणि १९०७ च्या आपल्या पुस्तकात मांडली. सयामहून आलेला गिरणीतला कच्चा पांढरा तांदूळ खाणाऱ्या चिनी मजुरांत बेरीबेरीचा कहर होता. खेड्यातले मलाय लोक घरी सडलेला तांदूळ खात, त्यांना तो होत नव्हता. आणि तमिळ मजूर? तेही गिरणीतलाच तांदूळ खात, त्याच हवेत राबत, तसेच दाटीवाटीने राहत. पण त्यांचा तांदूळ उकडा होता. त्यांनाही होत नव्हता.

फ्लेचर या दुसऱ्या डॉक्टरांनी १९०५ मध्ये क्वालालंपूरच्या वेड्यांच्या रुग्णालयात हे प्रत्यक्ष करून पाहिलं. आज असा प्रयोग करायला कोणी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. १२० रुग्णांना कच्चा पांढरा तांदूळ, १२३ रुग्णांना उकडा. वर्षभरात पहिल्या गटात तीसहून जास्त जणांना बेरीबेरी झाला आणि १८ जण मेले. दुसऱ्या गटात दोनच रुग्ण दिसले, तेही येतानाच रोग घेऊन आलेले. मृत्यू एकही नाही. उकड्या तांदळाची बाजू सिद्ध करायला त्या अठरा जणांचा जीव गेला. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

ब्रॅडन यांचंही कारण चुकलंच होतं. त्यांना वाटलं, साठवलेल्या कच्च्या तांदळावर विषारी बुरशी येते. म्हणजे ताकाकींची प्रथिनं, आयकमन यांचं विष, ब्रॅडन यांची बुरशी. डोळ्यांनी पाहिलेलं तिघांचं बरोबर, कारण तिघांचं चूक.

मग बरोबर कारण काय? थायामिन तांदळाच्या दाण्यात सगळीकडे सारखं नसतं. बहुतेक सगळं बाहेरच्या कोंड्यात आणि टोकाच्या अंकुरात असतं. गिरणी नेमका हाच भाग खरवडून काढते. आता हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारं. भात तुसासकट भिजवून उकळलं की ते पाण्याबरोबर कोंड्यातून आत दाण्यात झिरपतं. आतला पिठुळ भाग फुगतो, चिकटतो आणि वाळल्यावर काचेसारखा घट्ट होतो. मग वरून पॉलिश केलं तरी आत गेलेलं आतच राहतं.

भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे जे तक्ते वर्षानुवर्षं आपल्याकडे वापरले गेले, त्यातले चार आकडे सांगतो. १०० ग्रॅम तांदळात थायामिन किती मिलिग्रॅम? कच्चा हातसडीचा ०.२१. कच्चा गिरणीतला ०.०६. उकडा हातसडीचा ०.२७. आणि उकडा गिरणीतला ०.२१. दुसरा आणि चौथा आकडा परत बघा. गिरणीने कच्च्या तांदळातलं जवळजवळ तीन चतुर्थांश नेलं, पण उकडा गिरणीतून निघूनही कच्च्या हातसडीच्या बरोबरीला राहिला. राबणारा माणूस दिवसाला अर्धा किलो तांदूळ खातो असं धरलं, तर कच्च्या गिरणीच्या तांदळातून त्याला ०.३ मिलिग्रॅम मिळतं, उकड्यातून एकापेक्षा थोडं जास्त. मोठ्या माणसाची दिवसाची गरज साधारण सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास. ज्याच्या ताटात तांदळाशिवाय फारसं काही नाही, त्याच्यासाठी हा फरक चालता राहण्याचा आणि खाट धरण्याचा. शिवाय कच्चा पांढरा तांदूळ चोळून चोळून धुतला की उरलेल्यातलंही बरंच मोरीत जातं. उकड्यातलं तेवढं जात नाही.

आपल्या देशातही हेच दिसलं. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी निलगिरीतल्या कुन्नूरला १९१८ पासून या रोगाचा अभ्यास सुरू केला. त्यांच्या प्रयोगशाळेतूनच पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली. मद्रास इलाख्यातला बेरीबेरी मुख्यतः उत्तर सरकार भागात, म्हणजे आजच्या किनारी आंध्रात होता. तिथे गिरणीतला कच्चा तांदूळ खात. मलबारात उकडा खात, तिथे हा रोग घर करून नव्हता. याच मॅकॅरिसन यांनी उंदरांना हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या प्रांतांचं जेवण घालून त्यांची वाढ मोजली. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली, मद्रासी असा क्रम लागला. मराठा तिसरा आला म्हणून छाती फुगवून घेऊ नका. प्रत्येक प्रांताचं म्हणून एकच जेवण धरलं होतं, आणि ते कुठल्या घरातलं, कुठल्या जातीतलं हा प्रश्नच नव्हता. लढाऊ जमाती आणि बिगरलढाऊ जमाती हे इंग्रजांचं आवडतं वर्गीकरण उंदरांच्या पिंजऱ्यातही बरोबर जुळून आलं, याचा थोडा संशय घ्यायला हवा. गव्हाची पोळी, दूध आणि भाजी खाणारा उंदीर नुसता पांढरा भात खाणाऱ्यापेक्षा चांगला वाढतो, एवढं मात्र खरं.

आता जरा नाजूक भाग. उकडा तांदूळ कोण खात होतं? उकडा म्हणजे एकदा शिजलेला, म्हणून देवाच्या नैवेद्याला चालत नाही, अक्षतांना चालत नाही. जिथे सोवळं कडक, तिथे रोजच्या पानातही कच्चा, पांढरा, वेळून काढलेला भात. उकडा राहिला कुळांच्या, गाबितांच्या, शेतमजुरांच्या चुलीवर. कोकणातल्या कित्येक घरांत आजही पाहुण्यांसाठी सुरय आणि गड्यांसाठी उकडा अशी दोन पिंपं असतात. ज्याला आज शहरातल्या दुकानात ‘हेल्दी’ म्हणून दुप्पट भाव मिळतो, तो परवापर्यंत हलका समजला जाई. घरात चार पैसे आले की पहिला बदलायचा तो तांदूळ. त्यांना आम्ही दोष देत नाही. माणसाला पोषणाइतकाच मानही हवा असतो.

दुसरी गोष्ट कष्टाची. १९३४ च्या डिसेंबरात गांधीजींनी वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू केला, जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस. हातसडीचा तांदूळ हा त्यांच्या कार्यक्रमातला महत्त्वाचा भाग होता. पुढे १९५८ मध्ये भातगिरण्यांवर परवान्याचं बंधन घालणारा कायदाही आला. पोषणाच्या दृष्टीने त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. पण पहाटे उठून मुसळ कोण उचलत होतं? गावात गिरणी आली तेव्हा बायकांना सुटल्यासारखं वाटलं असेल, तर त्यात अज्ञान कसलं? उकड्याचा खरा मोठेपणा आम्हाला इथेच दिसतो. तो गिरणीत गेला तरी चालतो. पोषण वाचवण्यासाठी कोणा बाईच्या खांद्याची किंमत मोजावी लागत नाही.

मग आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं का? श्रोत्यांना इथे ‘हो’ ऐकायला आवडतं. आमचं उत्तर ‘नाही’ असं आहे. उकडलं की तूस चटकन सुटतं, दाणा घट्ट होतो, सडताना कणी कमी पडते, किडा कमी लागतो, आणि जाडा भात पोटात टिकतो. ही त्यांची कारणं होती आणि ती भक्कम होती. थायामिन त्यांना वरकड मिळालं. परंपरेत शहाणपण असतं, पण ते बऱ्याचदा दुसऱ्याच कामासाठी साठवलेलं असतं.

आणि परंपरेत उलटंही असतं. बेरीबेरी इतिहासजमा झाला असं आपण समजतो. पण गेल्या काही वर्षांत काश्मीर आणि कर्नाटकातल्या डॉक्टरांनी फक्त अंगावर पिणारी दोन-तीन महिन्यांची बाळं अचानक धापा टाकत, हृदय निकामी होत असलेल्या अवस्थेत पाहिली. थायामिन दिलं आणि ती झपाट्याने सुधारली. आयांची चौकशी केली, तर बाळंतपणानंतरचं कडक पथ्य: पांढरा पॉलिशचा भात, फार धुतलेला, पाणी काढून टाकलेला, डाळ-भाज्या कितीतरी बंद. हे पथ्यही परंपराच आहे, आणि घरातल्या मोठ्या बायकाच ते प्रेमाने पाळायला लावतात. आईच्या दुधातच थायामिन नसेल तर बाळाला ते मिळणार कुठून?

व्याख्यानानंतर एका ताईंनी विचारलं, उकड्या तांदळाने मधुमेह बरा होतो असं व्हॉट्सॲपवर येतं, ते खरं का? नाही. साखर किती वेगाने चढते हे तांदळाच्या जातीवर, तो किती सडलाय यावर आणि ताटात किती घेतला यावर ठरतं. काही उकड्या तांदळांत ती जरा सावकाश चढते, पण उकडा म्हणून दोन वाढप्या जास्त घेतल्या तर हिशोब तिथेच बिघडला. गिरणीत पूर्ण पॉलिश झालेल्या उकड्यात कोंडाही फारसा उरत नाही, त्यामुळे चोथ्यासाठी त्याच्यावर विसंबू नका.

त्यांचा दुसरा प्रश्न जास्त कामाचा होता: रेशनवर पोषणमूल्यं घातलेला तांदूळ द्यायला लागले होते, मग हे सगळं कशाला? त्या तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ घालणं सक्तीचं आहे. थायामिन सक्तीचं नाही, घातलं तर घातलं. तेव्हा घरात कोणी बाळंतीण असेल, तर तिच्या ताटातली डाळ बंद करू नका, तांदूळ एकदाच हलक्या हाताने धुवा, आणि भात वेळून पाणी टाकण्यापेक्षा तिला पेज द्या. उकड्याची मिळाली तर उत्तमच. दुकानात तो ओळखायचा कसा, हेही ताईंनी विचारलं. दाणा उजेडात धरा: कच्चा असेल तर पांढुरका आणि बऱ्याचदा मध्ये खडूसारखा डाग दिसतो, उकडा असेल तर पिवळसर नाहीतर तांबूस, काचेसारखा आरपार, आणि दाताखाली कडक लागतो.